ऑनलाइन लिलावात बोली कशी लावावी: हरणं वेगळं, फसणं वेगळं

दोन दिवस आपली बोली सर्वांत वर असते आणि अखेरच्या तीन सेकंदांत कुणीतरी येऊन आपल्याला हवं असलेलं नाणं घेऊन जातं. जीव हळहळतो. फसवलं गेल्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा आपण फक्त हरलेलो असतो. खरी फसवणूक वेगळी दिसते, आणि ती ओळखायला शिकावं लागतं.

सुरुवात नियमांपासून करा. लिलाव संपतो कसा, हे आधी पाहा. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर वेळ ठरलेली असते, ती संपली की संपलं. काही ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत वाढते. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली दाखवलं की ईबेवर शेवटच्या घटकेच्या बोली पुष्कळ येत, पण मुदत वाढवणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत त्या मानाने कमी. म्हणजे शेवटच्या सेकंदाची बोली, ज्याला स्नायपिंग म्हणतात, ही नियमातूनच येते. तिचा राग मलाही येतो, तरी तिला मी अन्याय म्हणणार नाही.

मग वस्तू बघा. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागा. नाण्याची कडही दिसली पाहिजे. घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी उतरते. टपाल तिकीट असेल तर मागचा गोंद शाबूत आहे का आणि कडेच्या दातऱ्यांची दुरुस्ती केली आहे का, ते विचारून घ्या. नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या संस्थांनी १ ते ७० च्या श्रेणीत तपासून सीलबंद केलेलं असेल, तर त्याचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळा आणि तिथला फोटो विक्रेत्याच्या फोटोशी जुळवा.

आता रक्कम. विक्रेत्यांनी मागितलेले भाव बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव काढा. त्यावरून एकूण किती द्यायचे ते ठरवा. १,२०० ठरवले आणि बोलीवर लिलावगृहाचं कमिशन २० टक्के लागत असेल, तर बोली १,०००च्या वर जाता कामा नये. टपाल, विमा, सीमाशुल्क असेल तर आणखी खाली. ही मर्यादा कागदावर लिहा. जिथे प्रॉक्सी बोलीची, म्हणजे आपल्या वतीने यंत्रणेनेच बोली वाढवत नेण्याची सोय आहे, तिथे तोच आकडा एकदाच भरा. यंत्रणा प्रतिस्पर्ध्याच्या जेमतेम वर राहील एवढंच वाढवते, त्यामुळे मोठा आकडा भरला म्हणून तेवढे द्यावेच लागतात असं नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये अशा, म्हणजे जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढीच किंमत द्यायच्या लिलावाचं गणित मांडलं होतं: आपल्या मनातली खरी किंमत सांगण्यातच आपलं हित असतं. थोडंथोडं वाढवत बसलात की चुरस पेटते आणि मर्यादा विसरते.

फसवणूक इथे असते: विक्रेता स्वतः किंवा त्याचा साथीदार खोट्या खात्यावरून भाव चढवतो. २००० साली ईबेवर असंच एक चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेलं. विक्रेत्यांनीच बोली फुगवल्याचं उघड झालं, विक्री रद्द झाली आणि पुढे खटलाही दाखल झाला. एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर सतत बोली लावणारं, पण जवळजवळ कधीच न जिंकणारं खातं दिसलं, किंवा बोली लावून मागे घेतली जात असेल, तर तक्रार करा आणि तिथून बाहेर पडा. ती वस्तू कितीही दुर्मीळ असो.

हरल्यावर ‘जिंकणारा मागे हटला, थेट पैसे पाठवा’ असा निरोप आला तर उत्तरसुद्धा देऊ नका. जिंकलात, तर पैसे त्याच व्यासपीठावरून भरा, पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत वस्तू वर्णनाशी ताडून बघा.