शिंपल्याची लाखमोहोर नीट कशी उमटवावी

स्पेनच्या वायव्येला सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलकडे शतकानुशतकं लोक पायी जातात. त्यांची खूण म्हणजे शिंपला. कॅथेड्रलसमोर शिंपले विकायला असत, अशी नोंद 12व्या शतकातल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या हस्तलिखितातच आहे. ही यात्रा करून आलेल्याला पत्र पाठवायचं असेल, तर त्यावर हीच मोहोर शोभते.

ठसा पितळेचा घ्या, साधारण 25 मिमीचा. शिंपल्याच्या धारा मोजक्या आणि खोल कोरलेल्या हव्यात. नाजूक, दाट रेघांचा ठसा दुकानात देखणा दिसतो, पण लाखेत त्याचा नुसता पंखा उमटतो. अक्षरं कोरून घेणार असाल तर ती उलटी हवीत, हे कारागिराला बजावून सांगा.

ठसा आधी बर्फावर ठेवा. तोवर चमच्यात लाखेचे तीन-चार मणी घालून मेणबत्तीवर वितळवा. बुडबुडे यायच्या आत चमचा बाजूला घ्या, नाहीतर मोहोरेला भोकं पडतात. लाखेची कांडी थेट ज्योतीत धरली की काजळी मिसळते. लाल लाखेत ती फार डोळ्यांवर येते.

लाख कागदावर गोल ओता आणि मनात दहा आकडे मोजा. ठसा कोरडा पुसून अलगद टेकवा. दाबू नका, त्याचं वजन पुरतं. दाबलात तर तळ कागदासारखा पातळ होतो आणि मोहोर तडकते. सगळ्यात अवघड काम पुढचंच: अर्धा मिनिट हात न लावणं. लाख गार झाली की ठसा आपसूक सुटतो. ओढावा लागतोय म्हणजे तो तापलाय. तसाच राहू द्या. बिघडलेली मोहोर खरवडून पुन्हा वितळवता येते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन रद्दी कागदावरच करा.

शिंपल्याचं तोंड कुठे करायचं? गंमत म्हणजे वाटेवरच्या खुणांतही याचं एकमत नाही. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात धारा जिथे एकत्र येतात ते टोक वाट दाखवतं, तर गॅलिसिया प्रांतात पसरट बाजू. पत्रावर मी निमुळतं टोक खाली ठेवते, म्हणजे शिंपला शिंपल्यासारखा दिसतो. धारांवर सोनेरी पेन हलकेच फिरवलं तर उठाव येतो.

यात्रेकरूच्या क्रेदेन्सियालवर, म्हणजे शिक्क्यांच्या पुस्तिकेवर, मोहोर करायची असेल तर जाडी कमी ठेवा. घडी घालताना ती शेजारच्या पानाला चिकटते. मध्ये बटर पेपर घाला. टपालाने जाणारं पाकीटही दुसऱ्या पाकिटात घालूनच पाठवा.