जुन्या मालकाशी बिनसले तरी पीएफ अडत नाही

जळगावच्या डाळमिलमधील किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी कुरबुर होऊन सोडली, की पुष्कळदा मालक पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरतच नाही आणि पैसे काढण्याचा अर्ज अडून राहतो. अशा वेळी जुन्या साहेबांच्या विनवण्या करत बसू नये. ही तारीख कर्मचाऱ्याला स्वतः नोंदवता येते.

नोकरी सोडल्यावर २ महिने थांबावे. मग यूएएन (पीएफ सदस्याला मिळणारा कायमचा क्रमांक) वापरून ईपीएफओच्या, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, सदस्य पोर्टलवर जाऊन ‘मॅनेज’मधील ‘मार्क एक्झिट’ निवडावे, त्या नोकरीचा पीएफ क्रमांक, तारीख आणि कारण भरून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा. कंपनीने दिलेले सिमकार्डच आधारला जोडले असेल, तर ते परत करण्यापूर्वी क्रमांक बदलून घ्यावा (हे बहुतेकांच्या ध्यानात फार उशिरा येते).

तारीख मात्र शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा झाली, त्याच महिन्यातील द्यावी लागते. म्हणून आधी पीएफचे पासबुक उघडून तो महिना नीट पाहून घ्यावा.