संगीताचं मासिक काढताय? मग या चुका टाळा

आपल्या सांगली-मिरजेकडं संगीताचं मासिक काढायचं म्हणलं की पहिल्याच मीटिंगला लोगो नि कव्हरवर कुणाचा फोटो यातच सगळा वेळ जातो, आणि वाचक कोण असं विचारलं की उत्तर येतं "सगळेच की, गाणं कुणाला आवडत नाही?" घोळ इथंच होतो. मिरजेत उरुसाच्या संगीतसभेला रात्र जागवणारे काका, तबल्याच्या परीक्षेला बसलेली नववीतली पोरगी आणि वरातीत बेंजो वाजवणारं पोरगं, तिघांना एकच अंक कसा पुरणार? काकांना घराण्यांवर वाचायचंय, पोरीला तबल्याचे कायदे-पलटे (सरावाचे बोल) लिहून पायजेत, तिसऱ्याला कुठला मिक्सर घ्यावा ते.

एकच वाचक पकडा. तो वाजवतो का नुसतं ऐकतो, अंकाला खिशातून किती घालेल, हे क्लासबाहेर थांबलेल्या पालकांना समोरासमोर विचारा. व्हॉट्सॲपवर पोल टाकला की सगळे अंगठा दाखवून मोकळे, वर्गणीच्या वेळी कोणी फोन उचलत नाही.

वाचक ठरला की निम्मं डिझाइन आपोआप ठरतं. वाचक साठीचे असतील तर ग्लॉसी कागदावर काळ्या पानात बारीक पांढरी अक्षरं कशाला? ट्यूबलाइट चमकते, वाचता येत नाही. मॅट कागद घ्या, अक्षर मोठं ठेवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट दिसतो, म्हणून कव्हरचा प्रूफ कागदावरच बघा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटत असतील तर त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

विद्यार्थ्यांसाठी काढत असाल तर सगळ्यात जास्त जीव स्वरलिपीत, म्हणजे स्वर लिहायच्या खुणांत, घाला. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाला वर. फॉन्ट बदलला की नेमक्या ह्याच खुणा सरकतात नाहीतर उडतात. यमनातल्या म वरची रेघ गेली की पोरगी शुद्ध म घोकून बसणार, आणि व्याकरण तपासणाऱ्या प्रूफरीडरला ते दिसणारच नाही. प्रूफ पेटीवर वाजवून बघणारा माणूस पायजे, तोही बंदिश पाठ नसलेला, नाहीतर तो कागद न बघता बरोबरच वाजवतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी लेखांत तेच उभ्या सतारीचे फोटो. जवारी काढतानाचे, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जमवतानाचे हात दाखवा की राव!

नावाची नोंदणीही आधी बघा. 1 मार्च 2024 पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू आहे, अर्ज सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइनच होतो, मंजुरीआधी लेटरहेड छापू नका.

पिन मारायचा अंक असेल तर पानं चारच्या पटीत येतात. 42 पानांचा मजकूर घेऊन गेलात तर दोन पानं कोरी राहतात, मग घाईघाईत सराफाची फुकट जाहिरात टाकायची वेळ येते आणि पुढच्या महिन्यात तो पैसे देत नाही.