सोसायटीची नोटीस लिहिताना

मी सोसायटीचा सचिव. मागे मे महिन्याच्या मध्यावर ग्रुपवर टाकलं, ‘सभा ५/६ ला.’ अमेरिकेतले फ्लॅटमालक म्हणाले, ‘अहो, ती तर होऊन गेली की!’ तिकडे महिना आधी लिहितात. तेव्हापासून वार आणि महिना अक्षरांत: शुक्रवार, ५ जून २०२६. ‘रात्री १२ पर्यंत’ म्हणजे नक्की कुठल्या दिवशीची रात्र? रात्री ११:५९ लिहा, वाद मिटतो.

बोलताना ‘पावणेदोन लाख’ झकास, पण इंग्रजी शाळेतली पोरं गडबडतात. ₹१,७५,००० लिहा, चिन्हापुढे जागा सोडू नका, नाहीतर मोबाइलवर चिन्ह वरच्या ओळीत, आकडा खाली. खाते क्रमांक तेवढा इंग्रजी अंकांत द्या, कॉपी करून थेट बँकेच्या अ‍ॅपमध्ये टाकता येतो.