जहाजाच्या दुरुस्तीमुळे क्रूझ रद्द झाली तर पैसे कसे सोडवावेत

विमान बिघडले तर कंपनी दुसरे विमान आणते, नाहीतर पुढच्या विमानात जागा देते. क्रूझला ती सोय नाही. हजारो माणसे मावतील असे रिकामे जहाज कोणत्याच कंपनीकडे राखीव उभे नसते, त्यामुळे जहाज दुरुस्तीला गेले की त्याच्या पुढच्या फेऱ्या थेट रद्द होतात.

१ एप्रिल २०१९ रोजी बहामातल्या फ्रीपोर्टच्या गोदीत देखभालीसाठी आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’ या महाकाय क्रूझ जहाजावर क्रेन कोसळली. पुढच्या तीन फेऱ्या रद्द झाल्या. क्रेन पडल्यामुळे ती गोदीच निकामी झाली होती, म्हणून दुरुस्तीसाठी जहाज अटलांटिक ओलांडून स्पेनमधल्या कादिझला न्यावे लागले. एवढी मोठी जहाजे मावतील अशा गोद्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यांच्या तारखा बऱ्याच आधी भरलेल्या असतात. शिवाय आजच्या बऱ्याच मोठ्या जहाजांचे प्रॉपेलर ‘अझिपॉड’ नावाच्या यंत्रावर फिरतात. ते जहाजाच्या तळाशी, पाण्याखाली असते. त्यात मोठा बिघाड झाला तर जहाज ड्राय डॉकमध्ये घेऊन पाणी उपसावेच लागते. ‘दोन दिवसांत दुरुस्त होईल’ या आशेवर म्हणूनच फार विसंबू नये.

अशा वेळी क्रूझचे भाडे बहुतेकदा परत मिळते. बुडतात ते त्याभोवती खर्च केलेले पैसे: विमानाचे तिकीट, व्हिसा, आदल्या रात्रीचे हॉटेल. मुंबई-पुण्याहून सिंगापूर, बार्सिलोना किंवा मायामीला जाऊन जहाज पकडणाऱ्या कुटुंबाचा हा खर्च कधीकधी क्रूझच्या भाड्याइतकाच होतो. तेव्हा डोके शांत ठेवून पुढच्या क्रमाने चला.

१. बुकिंग स्वतः रद्द करू नका. जहाजात बिघाड असल्याची बातमी फिरू लागते, आधीची फेरी रद्द होते, आणि आपला जीव खालीवर होतो. त्या घाईत तुम्ही रद्द केलेत तर ते ‘प्रवाशाने रद्द केले’ असे धरले जाते आणि कॅन्सलेशन चार्ज लागतो. सुटायची तारीख जवळ आली असेल तर हा चार्ज पूर्ण भाड्याइतकाही असू शकतो. कंपनीने रद्द केल्याचे लेखी येईपर्यंत थांबा. एजंटाने फोनवर सांगितले तरी मेल मागा.

२. मेल शेवटपर्यंत वाचा. त्यात बहुधा दोन पर्याय असतात: रोख परतावा किंवा पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट. क्रेडिटची रक्कम मुद्दाम मोठी दाखवलेली असते, कधी भाड्याच्या सव्वापटही. पण क्रेडिटला मुदत असते, ते बहुधा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच फेरीचे भाडे वाढलेले असू शकते. सर्वात खाली एक ओळ असते, तिच्यावर बोट ठेवून वाचा: अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर तुम्हाला क्रेडिट किंवा दुसऱ्या तारखेची फेरी मान्य आहे असे समजू. ती तारीख चुकवू नका. वर्षभरात पुन्हा नक्की जाणार असाल तरच क्रेडिट घ्या. एरवी रोख परतावाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. मागणी लेखी आणि मोजकी करा. बुकिंग क्रमांक, जहाजाचे नाव, सुटायची तारीख आणि एक सरळ वाक्य पुरे: ‘आम्हाला क्रेडिट नको, बंदर शुल्क, टिप्स आणि आगाऊ घेतलेल्या सहलींसह पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत हवी.’ बंदर शुल्क, इंटरनेट पॅकेज, किनाऱ्यावरच्या सहली यांची बिले वेगळी असतात, म्हणून एकेक आकडा मोजून घ्या. एजंटाने पैसे स्वतःच्या खात्यातून भरले असतील तर परतावाही आधी त्याच्याकडेच जातो. त्याच्याकडून तारखेसह लेखी हमी घ्या.

४. विमानाच्या तिकिटाला त्याच दिवशी हात घाला. विमान तर वेळेवर उडणारच आहे, त्यामुळे विमान कंपनी तुम्हाला काही देणे लागत नाही. तारीख बदलून मिळते का, किती फी लागते, हे विचारा. तिकीट नॉन-रिफंडेबल असले तरी भारतीय नियमांनुसार त्यातले कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. ते मागावे लागते आणि बरेच लोक मागतच नाहीत. विमान आणि क्रूझ एकाच पॅकेजमध्ये घेतले असेल तर दोन्हींचा जाब टूर कंपनीलाच विचारा. सगळ्या पावत्या जोडून क्रूझ कंपनीकडेही भरपाई मागा. काही कंपन्या तिकीट बदलण्याच्या फीपोटी ठरावीक रक्कम देतात, पण बहुतेकदा मागणाऱ्यालाच.

५. व्हिसा, टीसीएस, विमा. व्हिसाची फी परत मिळत नाही. टूर पॅकेजवर कापलेला टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) मात्र तुमच्या पॅनवर जमा झालेला असतो. एजंट तो परत देत नसेल तर आयकर खात्याच्या कर-जमा विवरणात (फॉर्म २६एएस) नोंद तपासा आणि आयकर विवरणपत्रात त्याचा दावा करा. विम्याच्या बाबतीत पॉलिसीतली कारणांची यादी वाचा. ‘ट्रिप कॅन्सलेशन’मध्ये आजारपण किंवा घरातला मृत्यू अशी कारणे हमखास असतात, जहाजाचा तांत्रिक बिघाड असेलच असे नाही.

६. फेरी रद्द न होता नुसती बदलली तर तुमची बाजू दुबळी असते, हे आधीच ओळखून असा. एक अझिपॉड बंद पडला की जहाज कमी वेगाने चालते आणि एखादे-दोन थांबे गाळले जातात. तिकिटाच्या अटींमध्ये मार्ग बदलायचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. हाती येते ते गाळलेल्या बंदराचे शुल्क.

भर समुद्रात बिघाड झाला तर मात्र हक्क आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनरूमला आग लागली. चार हजारांहून जास्त माणसांसह वीज गेलेले ते जहाज मेक्सिकोच्या आखातातून ओढत अलाबामातल्या मोबीलला आणावे लागले. त्यानंतर मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या ‘क्लिया’ या संघटनेने प्रवाशांची हक्कपत्रिका काढली: यांत्रिक बिघाडामुळे फेरी रद्द झाली तर पूर्ण परतावा, अर्ध्यावर संपली तर अंशतः परतावा, घरच्या गावापर्यंत किंवा ठरलेल्या बंदरापर्यंत वाहतूक, आणि अनपेक्षित बंदरात रात्र काढावी लागली तर राहण्याची सोय. मेलमध्ये या हक्कपत्रिकेचा उल्लेख जरूर करा.

७. पैसे अडले तर कायदा कोणता? अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या फेरीसाठी फेडरल मेरिटाइम कमिशन या तिथल्या सरकारी जलवाहतूक नियामकाचा २०२२चा नियम आहे: फेरी रद्द झाली, किंवा तीन अथवा अधिक दिवस लांबल्यामुळे तुम्ही जहाजावर चढला नाहीत, तर परतावा मागता येतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात पॅकेज म्हणून घेतलेली सहल रद्द झाली तर १४ दिवसांत पैसे परत करणे बंधनकारक आहे. लंडन किंवा फ्रँकफर्टला राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. भारतात पैसे घेणाऱ्या टूर कंपनीविरुद्ध आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथे ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांची प्रकरणे चालतात, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. एजंट सांगलीचा असो वा दिल्लीचा, तुम्ही ठाण्यात राहत असाल तर ठाण्यातच दाखल करा.

८. पुढच्या बुकिंगच्या वेळी ते जहाज ड्राय डॉकमध्ये कधी जाणार आहे हे एजंटाला विचारा. प्रवासी जहाजांच्या तळाची तपासणी ठरावीक काळाने व्हावीच लागते, त्यामुळे या तारखा बऱ्याचदा आधी ठरतात. गोदीतून बाहेर पडल्यानंतरची पहिली फेरी टाळा, कारण काम लांबले की पहिला फटका तिलाच बसतो.