परीकथेतील पात्रामागची खरी व्यक्ती कशी पडताळावी
अमुक पात्र खऱ्या व्यक्तीवरून बेतले, असा दावा वाचनात आला की प्रथम कथेचा सर्वांत जुना छापील पाठ गाठावा आणि दाव्यातील साम्य त्यात आहे का, हे ताडून पाहावे. हिमगौरीचेच उदाहरण घ्या. जर्मनीतील लोर येथे १७२५ साली जन्मलेली मारिया सोफिया फॉन एर्थाल हीच हिमगौरी, असे सांगताना तिच्या सावत्र आईकडे आणि तिथल्या वाड्यात जपलेल्या आरशाकडे बोट दाखवले जाते. परंतु ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठते ती सख्खी आई, आणि सावत्र आई येते ती १८१९ मध्ये. सावत्र आईचा मुद्दा एवढ्यानेच गळून पडतो. लोरमध्ये तर आरशांचा कारखानाच होता, त्यामुळे आरशालाही फारसे वजन देऊ नये. शेवटी, दावा प्रथम कधी मांडला गेला तेही तपासावे; हा विसाव्या शतकातला आहे.