दवाखान्यासाठी सरकारी जमीन मागायची असेल तर

मुळशी-वेल्ह्याकडे फिरता दवाखाना चालवणाऱ्या संस्थेची नजर कधी ना कधी रस्त्याकडेच्या पडीक सरकारी जागेवर जातेच. दोन खोल्या उठल्या तर बाळंतिणीची तपासणी जीपच्या मागच्या सीटवर करावी लागणार नाही. मागणी रास्त आहे. फक्त जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिण्याआधी सातबारा काढा.

जागा 'सरकारी' आहे एवढ्यावर भागत नाही. कुठल्या खात्याची, हे पाहावं लागतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकला की भोगवटादाराचं नाव दिसतं, पण खरी गोम बहुतेक वेळा 'इतर अधिकार' या रकान्यात असते. तिथे 'गायरान' लिहिलेलं असेल तर बहुधा तिथेच थांबावं लागेल. 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयानुसार गायरान खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला देता येत नाही. मग वाट एकच: जागा शासकीय आरोग्य यंत्रणेने घ्यायची आणि सेवा तुम्ही कराराने चालवायची.

नोंद वनाची असेल तर आणखी जपून. सातबाऱ्यावर नसली तरी जुन्या राखीव वनाच्या अधिसूचनेत तो सर्व्हे नंबर आहे का, हे वन विभागाकडून लेखी घ्या. कोंढवा बुद्रुकची सुमारे 29 एकर वनजमीन 1998 मध्ये शेतीसाठी म्हणून दिली गेली होती. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं. तोवर सव्वादोन तपं उलटली होती. दवाखाना बांधून झाल्यावर असं काही निघालं तर दाद कुणाकडे मागणार?

पुणे शहरात महापालिकेच्या मालकीची जागा असेल तर तिचा रस्ता वेगळा. 1949 च्या महापालिका अधिनियमातलं कलम 79 लागू होतं आणि अर्ज महापालिकेच्या मालमत्ता विभागाकडे जातो. पुढचं सगळं महसूल खात्याच्या जमिनीबद्दल आहे. तिथे आधार 1966 चा जमीन महसूल अधिनियम आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे 1971 चे नियम.

आता संस्थेचं दप्तर. नोंदणी दाखला, घटना, लेखापरीक्षण अहवाल, जागा मागण्याचा ठराव, ही यादी सगळ्यांना पाठ असते. अडतं ते चेंज रिपोर्टपाशी, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याच्या अर्जापाशी. अर्जावर सही करणाऱ्या विश्वस्ताचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर (संस्थेच्या अधिकृत नोंदीवर) चढलेलंच नसतं, कारण हा बदल अर्ज तिथेच पडून असतो. तो आधी मार्गी लावा. घटनेच्या उद्देशांत 'आरोग्य' हा शब्द आहे का, तेही बघा.

अर्जात 'गोरगरिबांची सेवा' कमी आणि आकडे जास्त असू द्या. डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येला उपकेंद्र आणि 20,000 ला प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. सपाट भागात तो 5,000 आणि 30,000. तुमच्या वाड्या जवळच्या केंद्रापासून किती किलोमीटरवर आहेत, पावसाळ्यात रस्ता राहतो का, हे लिहा. किती गुंठे लागतील ते इमारतीच्या नकाशासह मांडा. एकरभर मागून ठेवण्याचा मोह टाळा, तसा प्रस्ताव संशयानेच वाचला जातो. ग्रामसभेचा ठराव आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा अभिप्राय जोडा.

आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. फाईल तहसील कार्यालयात चौकशीला येते. मंडळ अधिकारी स्थळपाहणी करतात, अतिक्रमण आहे का ते पाहतात, भूमी अभिलेखकडून मोजणी होते, नगर रचनाचा अभिप्राय आणि मूल्यांकन येतं. मग प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी आणि गरजेप्रमाणे विभागीय आयुक्त व मंत्रालय. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) मागून घ्या. शेजारच्या शेतकऱ्याचा बांध कुठे येतो, ते त्याच्यासमोरच ठरलेलं बरं. आमदारांच्या पत्राने फाईल हलते, हे खरं. पण भोपाळमध्ये एका न्यासाला जाहिरात न देता दिलेली जमीन सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रद्द केली होती. म्हणून कागद कुठल्याही चौकशीत टिकेल असाच ठेवा.

आदेश आला की पेढे वाटण्याआधी शर्ती वाचा. जमीन भाडेपट्ट्याने मिळते किंवा भोगवटादार वर्ग-2 म्हणून, म्हणजे शर्तींनी बांधलेल्या हक्काने. दोन्हीकडे वापर ठरलेला, बांधकामाला मुदत, आणि परवानगीशिवाय विक्री, गहाण, पोटभाडं बंद. तळमजल्यावर औषधाचं दुकान भाड्याने द्यायचं मनात असेल तर आधी विचारा, शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. पुढे खाटांचं रुग्णालय केलंत तर सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाचं कलम 41 अअ पाहा: 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत.

रक्कम भरल्याचं चलन, ताबा पावती आणि फेरफार, तिन्ही हातात आल्यावरच कुदळ मारा. आणि आठवड्यातून दोनदा ओपीडीच चालवायची असेल तर जमीन मागूच नका. उपकेंद्रातली रिकामी खोली वापरायला मिळावी म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज करा. त्याला मंत्रालय लागत नाही.